तेल चांगलं दाखवतंय

मी काय काम करते हे सांगायला मला दोन मिनिटं लागतात आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पहिल्याच मिनिटात पडतो. एकदा नवी पेठेत साड्या बघताना मावसबहिणीनं विचारलं, "तू नक्की करतेस काय गं तिथं?" मी म्हटलं, "मोठ्या मशिनांत तेल असतं, त्यातला कचरा मोजायचं एक यंत्र असतं. ते यंत्र बरोबर मोजतंय की नाही हे मी बघते." ती काठ चाचपत म्हणाली, "म्हणजे तेल तुझं नाही, कचरा तुझा नाही आणि यंत्रपण तुझं नाही." दुकानदारसुद्धा हसला. तेव्हापासून घरी कुणी पाहुणा आला की हा किस्सा निघतो आणि मीही हसते. शिक्षकाची मुलगी शिक्षिका होणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, पण मास्तरकीची जागा काही निघाली नाही. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लहानशा कॅलिब्रेशन लॅबमध्ये चिकटले, ती वीस वर्षं झाली तरी तिथंच आहे.

काम थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. हायड्रॉलिक मशीन तेलाच्या दाबावर चालतं. त्याच्या पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये इतक्या बारीक फटी असतात की डोळ्यांना न दिसणारी धूळही तिथं जाऊन धातू खरवडते. म्हणून तेल अधूनमधून काउंटरमधून, म्हणजे त्या कचरा मोजायच्या यंत्रातून, सोडून बघतात. काउंटरच्या आत लेसरचा उजेड असतो. तेलातला कण त्या उजेडाला आडवा गेला की सावली पडते. मोठा कण, मोठी सावली. यंत्र या सावल्या मोजतं. पण केवढ्या सावलीला केवढा कण म्हणायचं, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी परदेशातून एक बाटली येते. तिच्यात तेल आणि त्यात मोजूनमापून मिसळलेली धूळ. सोबत दाखला असतो, की एवढ्या तेलात या मापाचे इतके कण आहेत. ते तेल काउंटरमधून सोडायचं आणि काउंटर दाखल्याएवढाच आकडा दाखवील अशी सावलीची मर्यादा बांधून द्यायची. आकडा कमी येत असेल तर मर्यादा खाली आणायची, जास्त येत असेल तर वर न्यायची. मर्यादा वर नेली की बारीक सावल्या यंत्र सोडून देतं. एवढं कळलं तरी माझी गोष्ट कळेल.

दरवर्षी मे महिन्यात एक फिटर आपला काउंटर घेऊन केम गावाहून रेल्वेनं यायचे. त्या भागातल्या एका साखर कारखान्यात ते हायड्रॉलिकचं काम बघत. ऊस पिळणाऱ्या रोलरला फिरवणारी तेलाची मोटर, तिचा पंप, फिल्टर, सगळं त्यांच्या अंगावर. पन्नाशी उलटलेला माणूस, अंगानं काटक, शर्टाच्या खिशात दोन पेनं. काउंटरची पेटी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन यायची. डब्यात रॅकवर ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "रॅकवर हादरं बसत्यात, मॅडम. मांडीवर लेकरागत बसतं." आमच्याकडे बाकीची गिऱ्हाइकं यंत्र टाकून आठवड्यानं घ्यायला येतात. हे मात्र दिवसभर लॅबच्या बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे, दुपारी भाकरी सोडायचे, त्यातली अर्धी आम्हाला खायला लावायचे आणि संध्याकाळी यंत्र घेऊनच परत जायचे. मी काउंटरच्या दाखल्यावर सही केली की तो कागद ते दोन्ही हातांनी घ्यायचे. मला त्याचं मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझ्या सहीवर त्यांचा भरवसा होता आणि मला त्याची सवय झाली होती. आधी ते आवाजावरून पंपाची नाडी ओळखायचे, टाकीवर तळहात ठेवून तेल किती तापलंय ते सांगायचे. मी त्यांना पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, "मामा, हाताला चार मायक्रॉनचा कण कळत नाही. यंत्र सांगेल ते खरं." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी बघत होते.

ज्या मे महिन्याबद्दल मी सांगतेय, त्या महिन्यात लॅबचा एसी बंद पडला. कॉम्प्रेसर गेला होता आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत लेसर चालवायचा म्हणजे यंत्राआधी माणूस पडायचा. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, घरचा कूलर घेऊन आले. मोठा, पत्र्याचा, नव्या वाळ्याच्या पट्ट्या लावलेला. खिडकीत बसवला आणि पाणी सोडलं, तेव्हा आम्ही चौघंही त्याच्यासमोर जाऊन उभे राहिलो. तोंडावर बारीक तुषार येत होते. वाळ्याचा वास सगळ्या खोलीत भरला. थर्मामीटर हवा तिथं आला आणि सर म्हणाले, "झालं काम. एसीची गरजच काय होती!" आम्हीही मान डोलावली.

नोंदवहीत रोज दोन आकडे लिहायचे असतात, तापमान आणि हवेतली आर्द्रता. तापमान आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. आर्द्रता कुणी बघत नाही. मे महिन्यात सोलापुरात दमट हवा म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. इथं पिळलेली चादर दोरीवर टाकायच्या आत वाळते. आर्द्रतेच्या रकान्यात वर्षानुवर्षं कालचाच आकडा आज उतरवला जायचा, आणि तो उतरवणारी बहुतेक वेळा मीच असायचे. कोकणातल्या लॅबमध्ये ही चूक झाली नसती. तिथं पहिलं लक्ष ओलीकडेच गेलं असतं.

आणखी एक गोष्ट आम्ही करायचो, जी करू नये असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. ती परदेशी बाटली फार महाग. एका काउंटरसाठी एक बाटली संपवणं सरांच्या जिवावर यायचं. म्हणून ती चांगली हलवून आम्ही लहान काचेच्या बाटल्यांत थोडं थोडं तेल काढून घ्यायचो. त्या लहान बाटल्या मी स्वतः धुवायचे, गाळलेल्या द्रावणानं खळबळायचे आणि जाळीवर उपड्या वाळत घालायचे. धुण्याबाबत माझं कौतुक होतं. त्या उन्हाळ्यात ती जाळी कूलरच्या बरोबर समोर होती. वारा तिथं सगळ्यात चांगला लागायचा, बाटल्या लवकर वाळतील असं वाटलं.

फिटरमामांचा काउंटर मी लावला आणि आकडा दाखल्यापेक्षा बराच वर आला. मागच्या वर्षी एवढा फरक नव्हता. मी दुसरी बाटली घेतली. तोच आकडा. बुडबुडे असतील म्हणून हवा पुन्हा ओढून काढली, तिसरी बाटली लावली. पुन्हा तोच. तीनदा तेच आलं म्हणजे खरं असणार, असं मी शिकले होते आणि दुसऱ्यांना शिकवतही होते. कूलरच्या ओल्या वाऱ्यानं बाटल्यांच्या आत दिसेल न दिसेल असा पाण्याचा अंश राहिला होता. तेलाबरोबर हलवला की त्याचे बारीक थेंब व्हायचे आणि ते थेंब लेसरसमोरून कणांसारखेच सावली टाकत जायचे. तिन्ही बाटल्या एकाच जाळीवर, एकाच कूलरसमोर वाळलेल्या होत्या, म्हणून तिन्ही सारखं बोलल्या. पण त्या दिवशी हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी शेऱ्यात 'सेन्सरमध्ये बदल' असं लिहिलं, मर्यादा वर नेली, आकडा दाखल्याला जुळवला आणि सही केली. मामा दोन्ही हातांनी कागद घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गेले.

आता त्या काउंटरमध्ये कोरडं तेल गेलं की काय होणार, हे शाळकरी हिशेबानंही कळतं. तो बारीक कण सोडून देणार आणि घाण तेलाला चांगलं म्हणणार.

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मामांचा फोन आला. मागे रोलरचा आवाज, ते ओरडून बोलत होते. "मॅडम, तेल लई चांगलं दाखवतंय की! मागल्या साली येवढं चांगलं कदी नव्हतं. पर फिल्टरचा लाल दिवा रोज सकाळी लागतोय. फिल्टर भरला म्हणायचं, का तेल चांगलं म्हणायचं?"

फिल्टर कचऱ्यानं भरत आला की तो दिवा लागतो. माणसानं सरळ विचार करायचा तर तेल घाण आहे. पण मी हुशार बाई. मी विचारलं, "सकाळीच लागतो ना? दुपारी विझतो?" ते म्हणाले, "व्हय, तापल्यावर इझतो." मी म्हटलं, "मग तेल गार असतं म्हणून. गार तेल घट्ट होतं, फिल्टरमधून नीट जात नाही, म्हणून दिवा लागतो. काउंटर चांगलं म्हणतोय तर फिल्टर कशाला बदलताय? पुरा वापरा." यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. गार तेलानं खरंच दिवा लागतो. त्यांनी व्हॉट्सॲपवर दिव्याचा फोटोही पाठवला. मी त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि चहा प्यायला गेले.

ते स्वतःच्या कानावर गेले असते तर त्यांनी फिल्टर त्याच दिवशी बदलला असता. पुढं त्यांनीच मला सांगितलं, की पंपाचा आवाज त्यांना बारीकसा फाटल्यासारखा वाटत होता. पण मॅडम म्हणाल्या म्हटल्यावर त्यांनी कानाकडे लक्ष दिलं नाही.

डिसेंबरात पंप जाम झाला. गाळप तीन दिवस बंद पडलं, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली, कारखान्यात आरडाओरडा. पंपाच्या कंपनीचे लोक आले, पंप उघडला, आत सगळं खरवडलेलं. तेल पुण्याला तपासायला पाठवलं, ते घाण निघालं. मग चौकशी बसली आणि तिचा तर्क अगदी सरळ होता. आदल्या आठवड्यात काउंटरनं तेल चांगलं दाखवलेलं, काउंटरचा दाखला ताजा, मग घाण आली कुठून? कुणाच्या तरी हातून आली. टाकीला हात लावणारा माणूस एकच. शिवाय लाल दिवा लागूनही त्यानं फिल्टर बदलला नव्हता. कारखान्यातून मला फोन आला. एक साहेब होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, या दाखल्याबद्दल काही शंका?" मी जरा रागानंच म्हटलं, "वीस वर्षांत आमचा एकही दाखला परत आलेला नाही." त्यांनी आभार मानले. काउंटर त्यांनी सील करून कपाटात ठेवला, पुरावा म्हणून.

तोपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. तेवढं माझ्या बाजूचं आहे आणि ते तिथंच संपतं.

जानेवारीत नवी परदेशी बाटली आली. एसी केव्हाच दुरुस्त झाला होता, कूलर सरांच्या घरी गेला होता. मी लॅबचा स्वतःचा काउंटर त्या बाटलीवर लावून बघितला. हा काउंटर मी मेमध्येच, त्याच आठवड्यात, त्याच जाळीवरच्या बाटल्यांनी लावलेला. आकडा निम्म्याहून कमी आला. मी पुन्हा लावला. मग नोंदवही काढली, मे महिन्याचं पान उघडलं, आणि आर्द्रतेच्या रकान्यात एकाखाली एक तोच आकडा, माझ्याच अक्षरात, बघत बसले. कूलर कधी आला ते आठवलं. जाळी कुठं होती ते आठवलं. खात्री करायला मी एक बाटली मुद्दाम ओलसर ठेवून तेल लावलं आणि मे महिन्यात जुळवलेला आकडा हुबेहूब समोर आला. मी खुर्चीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्यानं बोलतेय. काय बोलत होते ते आठवत नाही.

मी त्याच दुपारी पत्र लिहिलं. त्या तीन आठवड्यांत लावलेले काउंटर कमी मोजत आहेत, त्यांचे दाखले रद्द समजावेत, असं. सरांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, ऑडिट पुढच्या महिन्यात आहे. हे आत्ता बाहेर गेलं तर लॅबची मान्यता जाईल. आपण चौघं कुठं जायचं? ऑडिट होऊ द्या, मग शांतपणे पाठवू." बाकीच्या गिऱ्हाइकांना त्यांनी फोन करून फुकट तपासणीच्या नावाखाली काउंटर परत मागवून घेतले. फिटरमामांचा काउंटर मागवता येत नव्हता, तो कपाटात सीलबंद होता.

सरांवर सगळं ढकलणं सोपं आहे आणि माझी मावसबहीण तसंच म्हणते. पण पत्र माझ्या खणात होतं आणि खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये. टपाल पेटी लॅबच्या फाटकाशी आहे. मला भीती होतीच, पण भीतीपेक्षाही मला वीस वर्षांत न परत आलेल्या दाखल्यांचा माज होता. पहिला परत येणारा दाखला असा असावा, हे मला सहन होत नव्हतं.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. या वेळी मागे आवाज नव्हता. "मॅडम, चौकशी चाललीया. तुमी एक काम करा की. येवढंच लिहून द्या, की फिल्टर पुरा वापरा म्हनून तुमीच बोल्ला व्हता. मी सांगतोय तर साहेब म्हनत्यात, लॅबवाल्या बाई कशाला असं सांगतील."

पत्र माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होतं. मी म्हटलं, "बघते, मामा. सरांना विचारून सांगते."

"बघा बरं का. घाई न्हाय. पर बघा."

त्यांनी असं म्हटलं, घाई नाही. मी नंतर त्या शब्दाचा फार आधार घेतला.

ऑडिट झालं. ऑडिटर चांगला माणूस होता. त्यानं बाटल्या धुण्याची पद्धत पाहून माझी पाठ थोपटली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग सरांनी पत्र हातात घेतलं आणि तासभर बसून त्याचं रूप पालटलं. माझ्या पानभर मजकुराच्या दोन ओळी झाल्या. 'सदर उपकरणाच्या मोजणीत काही परिस्थितीत फरक संभवतो, तरी पुनर्तपासणी करून घ्यावी.' हे वाचून कुणालाच काही कळलं नसतं. मी भांडले. वीस वर्षांत पहिल्यांदा सरांसमोर आवाज चढवला. ते म्हणाले, "सही तुम्हीच करायची आहे, पटत नसेल तर करू नका." मी दोन ओळींवर सही केली. आणि मग घरी येऊन माझा मूळ मजकूर माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावरून, वेगळ्या पाकिटात कारखान्याला पाठवला, मामांना फोनवर काय सांगितलं होतं त्यासकट. नोकरी गेली तर जाऊ दे म्हटलं. तोवर मार्च निम्मा सरला होता.

नोकरी गेली नाही. कारखान्याचं उत्तर आठ दिवसांत आलं, तेही लॅबच्या पत्राला, दोन ओळींच्या. माझ्या घरच्या पत्राची त्यात फक्त पोच होती. बाकी मजकूर असा, की संबंधित कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणा झाल्याचं स्वतः लेखी कबूल करून फेब्रुवारीत राजीनामा दिलेला असल्यानं हे प्रकरण बंद करण्यात आलं आहे. काउंटर पुढच्या मेमध्ये नेहमीप्रमाणे कॅलिब्रेशनला पाठवू.

मी मामांना फोन केला, पण नंबर लागत नव्हता. मग एका रविवारी केमला गेले. पत्ता कसाबसा आठवत होता, पण स्टेशनबाहेर विचारलं तर पहिल्याच माणसानं सांगितलं, "कारखान्यातनं काढलेले का? गिरणीवर असत्यात आता, पर आज रविवार, घरलाच असतील." काढलेले, असंच म्हणाला तो. ओळखीची खूण म्हणून.

घर स्टेशनच्या मागे, दोन खोल्यांचं. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून गडबडीनं उठले आणि आत ओरडले, "अगं, सोलापूरच्या मॅडम आल्यात, च्या ठेव." केसात, भुवयांत पीठ बसलेलं. मला म्हणाले, "पिठाच्या गिरणीत बसतो हल्ली. बरं हाय. आवाज हाय, पट्टा हाय, कामावरच असल्यागत वाटतंय."

मी फार वेळ इकडचं तिकडचं बोलू शकले नाही. कूलरपासून सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. बाटल्या, ओल, तीनदा आलेला तोच आकडा. जानेवारीत मला कळलं होतं तेही सांगितलं. फोन आला तेव्हा पत्र खणात होतं, तेही. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता समोरच्या बोरीकडे बघत होते. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, तोही कामाचा. "किती कमी दाखवत व्हतं?"

"तिप्पट कचरा असता तरी त्यानं चांगलंच म्हटलं असतं."

मला वाटलं आता शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "साहेब म्हनले, घान तुज्या हातूनच आली, आठव. मी लई आठवलं. मॅडम, मला मग आठवाय लागलं. टाकीचं झाकन मी फडक्यानं पुसलं, त्ये फडकं खाली पडल्यालं व्हतं. माती लागल्याली. अजून डोळ्यापुढं दिसतंय. मी त्येच लिहून दिलं त्यास्नी. आता तुमी म्हनताय तसं न्हवतंच." त्यांनी भुवईवरचं पीठ पुसलं. "मग त्ये फडकं आलं कुटनं?"

कुणी खोटं कबूल करवून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. या माणसानं माझ्या दाखल्यावर एवढा विश्वास ठेवला, की तो खरा ठरावा म्हणून स्वतःची आठवण बदलून घेतली.

आत भांड्यांचा आवाज येत होता. ते थोडे पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, परत एकदा सांगता का? जरा मोठ्यानं. तिला आत ऐकू जाऊ द्या. चार म्हयनं झालं, तिला वाटतंय माझ्याच हातनं झालं म्हनून."

मी मोठ्यानं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, शब्द सुटा करून. चूक लॅबची होती. चूक माझी होती. यांनी काहीही केलेलं नव्हतं. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं मामी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या, एक माझ्यासमोर ठेवला, एक त्यांच्यासमोर, आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"मग आता ह्यास्नी परत घेत्याल का?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "न्हाय."

मामींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, एखादी वस्तू कुठं ठेवायची ते न कळल्यासारखं. "मग ताई, ह्ये आत्ता कशाला सांगाय आला तुमी?"

गाडीत येताना मी पुष्कळ जुळवलं होतं. खरं ते खरं, तुम्हाला कळायला हवं होतं, असं काहीबाही. ते सगळं वरवरचं होतं. मला हलकं वाटावं म्हणून मी आले होते. ते मला त्या क्षणी कळलं आणि तेवढं सांगायचं धाडस मला झालं नाही. मी चहा प्यायले. परतीच्या गाडीला दोन तास होते. मी उठले तर मामी म्हणाल्या, उन्हाचं स्टेशनवर कशाला जाऊन बसताय, आणि आतून चटई आणून अंथरली. ते दोन तास मी त्यांच्याच घरात बसून काढले, आणि त्यांनी मला पिठलं-भाकरी केली.